पाणी न देणारी निंगव्वा

सोलापूरच्या बाळीवेशीत निंगव्वाच्या घरावरून कुणी कोरड्या घशानं पुढं गेलाय, असं कधी झालं नाही. जायचं म्हटलं तरी ती जाऊ द्यायची नाही की! चैत्र लागला की तिच्या ओट्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तीन रांजण बसायचे आणि शेजारी पितळी ओगराळं घेऊन निंगव्वा बसायची. कडक भाकरी थापून विकणं हा तिचा पोटाचा धंदा. पाणी पाजणं हा जिवाचा. सासूनं मरताना सोनं दिलं नाही, नाणं दिलं नाही, हे तीन रांजण दिले, आणि वर दम भरला की ह्यातला एक जरी वैशाखात कोरडा दिसला तर वरनं येऊन झिंज्या उपटीन. सासूचा शब्द तिनं असा पाळला की अख्ख्या पेठेला ताप झाला.

सायकलवरचा माणूस घाईत निघाला असला तरी ही हँडल धरायची. "उन्हातनं चाललास, मरतोस का काय? पी आधी!" त्यानं "तहान न्हाय मला, मावशी" म्हटलं की झालंच. "तुला काय कळतंय तहान हाय का न्हाय? तोंड बघ आरशात!" एकदा एक पाकीटमार पळत आला, त्याला तिनं पाणी पाजलं. त्याच्या मागनं धापा टाकत पोलीस आला, त्यालाही पाजलं. पोलीस ओरडतोय, "म्हातारे, चोर कुटं गेला सांग!" आणि ही म्हणते, "सांगते, आधी ओंजळ धर." चोर गेला तो गेलाच. पण पोलिसानं दुसरी ओंजळ आपणहून मागितली, हेही खरं.

गुडघे गेले होते तिचे. भाकऱ्या थापताना तासन् तास मांडी घालून बसायचं आणि उठायच्या वेळी "यव्वा गं" करत भिंत धरायची. सांधेदुखीच्या गोळ्या खायची. पण जीभ आणि हात दोन्ही शाबूत होते, आणि तेवढ्यावर बाईनं नवऱ्याच्या माघारी एकुलती एक लेक वाढवली. गौरम्मा तिचं नाव. वैरागच्या भुसार दुकानदाराच्या घरात दिली होती. जावई सिद्धाराम, गरीब स्वभावाचा. त्याची आई गुरम्मा मात्र गरीब वगैरे काही नव्हती. ती बोलायला लागली की दुकानातली गिऱ्हाइकं उधारी आपणहून चुकती करायची, असं वैरागात म्हणत.

गौरम्माला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. गुरम्मा म्हणाली, "आठवा लागला की न्या." निंगव्वा कसली ऐकते! "माझी लेक हाय, सातव्यातच नेणार. तुमच्या वैरागचं पानी जड हाय." झालं, पाण्यावरनंच विहिणीविहिणींची पहिली ठिणगी पडली. निंगव्वानं हट्टानं लेकीला एस.टी.त बसवून सोलापूरला आणलं, आणि आठवडा सरायच्या आत गौरम्माच्या पोटात कळा सुरू झाल्या.

ते एकोणऐंशी साल, भर वैशाख. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. टांग्यातनं लेकीला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि दुपारच्या आत पोरगा झाला. पोरगा कसला, वीतभर जीव! कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. रडणं मांजराच्या पिल्लाचं. त्याला काचेच्या पेटीत, दिव्याच्या उबेला ठेवला, आणि नाकातनं बारीक नळी घालून आईचं दूध मोजून द्यायला लागले. निंगव्वा काचेला नाक लावून उभी. "ह्यो जगला पायजे," ती काचेलाच सांगत होती. "ह्यो जगला न्हाय तर मी वैरागला तोंड कसं दाखवू? मीच आणली पोरीला आठवड्याआधी, मीच बसवली त्या खडखडत्या गाडीत."

डॉक्टर होते विरुपाक्ष बिराजदार. पोरगेलेसे, मुंबईत शिकून नुकतेच आलेले, मूळ अक्कलकोटकडच्या खेड्यातले. कानडी यायचं, त्यामुळं निंगव्वाची त्यांच्याशी लगेच गट्टी जमली. ते तिला "अव्वा", म्हणजे आई, म्हणायचे. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी बाळाची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून छातीतली घरघर बराच वेळ ऐकली आणि कपाळाला आठी घातली. "दूध थोडं कमी करतोय," ते सिस्टरला म्हणाले. "वरचं काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

पाण्याचा थेंबसुद्धा नाही! निंगव्वाच्या कानात कुणी तापलेलं तेल ओतावं तसे ते शब्द पडले. सोलापूरचा वैशाख, वर दिव्याची ऊब, नातवाचे ओठ सुकलेले, आणि डॉक्टर म्हणतो पाणी नको? शिकला असेल मुंबईत, पण उन्हाळा विसरला लेकाचा!

आता पुढं काय झालं असेल ते ओळखा. सिस्टर जेवायला गेली, जरा पाठमोरी झाली की निंगव्वा पेटीचं झाकण हलकेच वर करायची, कापसाचा बोळा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवायची आणि त्या इवल्या ओठांत थेंब थेंब पिळायची. दर वेळी दोनेक चमचे. पोरगं घोटायचं! घोटताना त्याचा गळा हलायचा आणि निंगव्वाला वाटायचं, साक्षात सिद्धेश्वर पाणी पितोय. चोरून करतोय असंही तिला वाटत नव्हतं. तहानलेल्याला पाणी पाजायला कुणाची परवानगी लागते होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं बाळाचं वजन केलं आणि काटा पुढं सरकला. निंगव्वानं तो बघितला. अहो, काय सांगावं त्या बाईचा आनंद! गुडघे विसरून ती बाहेर पळाली, कोपऱ्यावरनं बत्तासे आणले आणि वॉर्डातल्या खाटाखाटांवर वाटायला लागली. "नातू वाढला माझा! घ्या, तोंड गोड करा! एका दिवसात वजन वाढलं!" आया बजाबाईच्या तर तोंडातच कोंबला. मग डॉक्टर बिराजदार राउंडला आले, त्यांच्याही हातावर बत्तासा ठेवला.

डॉक्टरांनी बत्तासा हातात धरून कागद बघितला. मग पेटीपाशी गेले. बाळाच्या पापण्या फुगलेल्या, पाय फुगलेले, श्वास कालच्यापेक्षा जोरात. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ह्याला कुणी काही पाजलंय का?"

"व्हय, मीच पाजलं की!" निंगव्वा छाती काढून म्हणाली. "पानी पाजलं. काल दिवसभर. म्हणून तर वाढला!"

सिस्टरनं कपाळाला हात लावला. डॉक्टर ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते ओरडले नाहीत. खाली स्टूल ओढून बसले, निंगव्वाला समोर बसवलं आणि कानडीमराठी मिसळून बोलायला लागले.

"अव्वा, तुमचं माहेर कुठलं? शेती होती?"

"होती की. बोरी नदीच्या काठाला. कांदा, ऊस."

"दारं धरलंय कधी?"

"ह्ये विचारनं झालं? बापाबरोबर दिवसदिवस दारं धरलंय मी. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं लिंपायचं आन् दुसऱ्याचं मोडायचं."

"लिंपायचं राहिलं तर?"

"तर भरलेला वाफा बुडतो, आन् पुढचा कोरडा ऱ्हातो. बापाची चपराक बसते ती येगळीच."

"तेच झालंय ह्याच्या छातीत," डॉक्टर म्हणाले. "बाळ आईच्या पोटात असताना श्वास घेत नाही. फुप्फुसं नुसती पडून असतात. मग तिकडं रक्त कशाला पाठवायचं? म्हणून निसर्गानं हृदयाजवळ एक बारीक नळी ठेवलीय, रक्त शेजारच्या वाटेनं काढून द्यायला. बाळ जन्मलं, रडलं, श्वास सुरू झाला, की दोन-चार दिवसांत ती नळी आपली आपण मिटते. दिवस भरलेल्या बाळाची मिटते. सातव्यात आलेल्याची पुष्कळदा उघडीच राहते. मग अंगाला जायचं रक्त त्या वाटेनं परत फुप्फुसात शिरतं. तिथं चिखल होतो. म्हणून तो धापा टाकतोय. आणि आपण पाटालाच पाणी जास्त सोडलं तर वाफ्याचं काय होईल?"

निंगव्वाच्या हातातला बत्ताशांचा पुडा खाली पडला.

"म्हंजी ह्ये वजन…"

"ह्याचं नाही, अव्वा. पाण्याचं. त्याचे दोन चमचे म्हणजे तुमच्या-माझ्या दोन घागरी."

निंगव्वानं आपल्याच गालावर फाडकन मारून घेतली. "बुडवलं की मी त्येला! पानी पाजून बुडवलं!" आणि अशी रडायला लागली की सगळा वॉर्ड गोळा झाला. डॉक्टरांनी लघवी व्हायचं इंजेक्शन दिलं, दूध आणखी कमी केलं. निंगव्वानं रडता रडता पदर खोचला आणि पेटीशेजारी स्टूल मांडलं. "आता ह्येच्याजवळ पान्याचा थेंब घेऊन कुनी येऊ दे," ती म्हणाली. "माझी सासू वरनं खाली उतरली तरी आत सोडायची न्हाय."

इंजेक्शनानं सूज उतरली, पण धाप काही थांबेना. छातीतली ती घरघर तशीच. डॉक्टर म्हणाले, मुंबईत छाती उघडून ती नळी दोऱ्यानं बांधतात, पण हा जीव मुंबईपर्यंतचा प्रवास सोसायचा नाही. मग जरा थांबून म्हणाले, "एक दुसरी वाट आहे. नवीन आहे. परदेशात दोन-तीन वर्षांपूर्वी निघालीय. मुंबईत माझ्या सरांनी काही मुलांना देऊन बघितलीय, मी तिथं होतो. काहींची नळी मिटली, काहींची नाही. सोलापुरात मी अजून कुणाला दिली नाही." आणि त्यांनी खिशातनं एक कॅप्सूल काढून तळहातावर ठेवली.

निंगव्वानं ती बघितली, डोळे चोळून पुन्हा बघितली, आणि किंचाळली, "आवं, ही माझ्या गुडघ्याची गोळी की!"

"तीच."

"डॉक्टर, थट्टा करताव का गरिबाची? नातवाचं काळीज आन् माझं गुडघं, काय संबंध?"

डॉक्टर हसले. किती दिवसांनी हसले! "अव्वा, तुमच्या गुडघ्याला जे सुजवतं ना अंगातलं द्रव्य, त्याच जातीचं द्रव्य ही नळी उघडी धरून बसतं. गोळीनं ते कमी झालं की गुडघ्याची सूज उतरते, आणि नळी मिटायला लागते. पण तुम्ही अख्खी खाता. ह्याला तिचा कणभर. आणि खोट एक आहे. ह्या औषधानं लघवी कमी होते, कधी रक्तही येतं. पहिल्या डोसनंतर हा मुतला तरच दुसरा डोस देता येईल. नाही मुतला तर थांबावं लागेल. आणि एका डोसात काम होईल असं वाटत नाही."

सिद्धाराम कालच वैरागहून आला होता. तो लगेच म्हणाला, "आईला इचारतो." गौरम्मा खाटेवरनंच ओरडली, "आईला इचारायला वैरागला जाऊन येईपतूर माझं लेकरू ऱ्हाईल का?" तसा तो भानावर आला आणि म्हणाला, "द्या, डॉक्टर." कंपाउंडरनं कॅप्सूल फोडली, पूड साखरेच्या पुडीबरोबर खलात घालून इतकी घोटली की त्याच्या कपाळावरनं घामाच्या धारा लागल्या. मग तिच्या बारीक बारीक पुड्या केल्या. संध्याकाळी त्यातली एक नाकातल्या नळीवाटे बाळाच्या पोटात गेली. निंगव्वा मनात त्या पुडीला म्हणत होती, माझे गुडघे दुखू देत जन्मभर, पण पोराचं दारं लिंपून टाक बाई.

सकाळी गुरम्मा येऊन धडकली. पहिल्या एस.टी.नं आलेली, डोक्यावर ऊन, हातात तीर्थाची बाटली. सिद्धारामनं वैरागला सांगावा धाडला होता, त्यात घोळ होऊन तिला एवढंच कळलं होतं की निंगव्वानं नातवाचं पाणी तोडलंय.

"कुटं हाय माझा नातू?" दारातनंच आवाज घुमला. "स्वामींचं तीर्थ आणलंय. पोरगं जन्मून इतकं दिवस झालं, तोंडात तीर्थ न्हाय पडलं? सरका बाजूला!"

निंगव्वा दारात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला. "न्हाय जमायचं, विहीणबाई."

"काय?"

"तीर्थ बाहेरच ठेवा. त्येच्या कपाळाला लावते मी. तोंडात न्हाय."

"अगंऽ बया!" गुरम्मानं कमरेवर हात ठेवले. "पेठंत चोरचिलटाला पानी पाजताव म्हणं तुमी! आन् आमच्या वंशाच्या दिव्याला घोट न्हाय? सातव्यात आणून गाडीत हापटलं त्येला, ते पुरलं न्हाय का?"

वर्मी लागलं. पण निंगव्वाचे हात चौकटीवरनं हलले नाहीत. "आणलं, माझी चूक. पाजलं, ती बी माझीच चूक. मार खाते तुमच्या हातचा. पण थेंब जाऊ द्यायची न्हाय."

डॉक्टर आले, त्यांनी समजावलं. सिद्धाराम मधे पडला, त्याला दोघींनीही गप्प बसवलं. शेवटी गुरम्मा तिथंच, वॉर्डाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठीक हाय. माझ्या नातवाला पानी न्हाय तर मलाबी न्हाय. बघूच, पाणपोईवाली कुणाकुणाला तहानलेलं मारतीय!"

झाली की पंचाईत! आत एक तहानलेला, बाहेर एक तहानलेली. आणि मधे निंगव्वा, जिनं जन्मात कुणाला कोरडं पाठवलं नव्हतं. व्हरांड्याच्या पत्र्यावर ऊन चढत होतं. गुरम्मा वैरागहून उपाशीपोटी आलेली, लठ्ठ बाई, घामानं लुगडं भिजलेलं. निंगव्वानं बजाबाईला माठातलं पाणी घेऊन पाठवलं, गुरम्मानं तांब्या पालथा केला. निंगव्वा स्वतः गेली. "घ्या की वो, विहीणबाई. पाया पडते." गुरम्मानं तोंड फिरवलं. तिचे ओठ पांढरे पडलेले निंगव्वाला दिसत होते.

आत गेलं तर त्याहून वाईट. बाळाचं फडकं कोरडं. सिस्टरनं चाचपलं, कोरडं. डॉक्टरांनी सकाळी ऐकलं होतं तेव्हा म्हणाले होते, "घरघर निम्मी झालीय! अव्वा, औषध लागू पडतंय!" सगळे टाळ्या पिटायचेच बाकी होते. पण आता डॉक्टर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या डोसाची वेळ होऊन गेली होती. "मुतल्याशिवाय नाही देता येणार," ते म्हणाले. "निम्मी मिटलेली नळी डोस नाही मिळाला तर पुन्हा उघडायला लागेल."

गौरम्मा खाटेवर उठून बसली होती. "अव्वा," ती रडवेली होऊन म्हणाली, "पोटात पानी गेल्याबगर मुतंल कुठनं गं त्ये? एक चमचा दे. एकच. मुतलं की औषध मिळंल त्येला!"

आणि खरं सांगायचं तर निंगव्वाच्याही मनात तेच होतं. साधा हिशोब की! घातलं तर बाहेर येईल. बोळा तिथंच होता. पाणी तिथंच होतं. सिस्टर पाठमोरी. पोराचे ओठ असे सुकलेले की बघवत नव्हतं, मधेच जिभेचं टोक बाहेर काढत होता, आणि ती जीभ आपल्यालाच विचारतीय असं तिला वाटत होतं. तिचा हात बोळ्याकडं गेला. जन्मभराची सवय, हात आपणहून जातो.

तिनं तोच हात दुसऱ्या हातानं घट्ट धरला आणि ओरडली, "डॉक्टर! आवं डॉक्टर! या हिकडं लवकर!"

डॉक्टर धावत आले. "मला खरं सांगा," निंगव्वा म्हणाली. घामानं ती न्हालेली होती. "पानी घातलं तर मुतंल का न्हाय?"

"नाही, अव्वा. ते पाणी लघवीच्या वाटेला जायचंच नाही. फुप्फुसात जाईल. मुतेल तो त्याच्या अंगातलं औषध जरा ओसरलं की."

"मग त्यो बोळा उचला हितनं. त्ये पानी बी. माझ्या हाताचा मला भरोसा न्हाय."

डॉक्टरांनी स्वतः ती वाटी उचलून नेली. निंगव्वा पेटीसमोर बसली आणि हळू आवाजात नातवाला शिव्या द्यायला लागली. अगदी ठेवणीतल्या! "मूत की रं, मुडद्या. तुझा आजा चालत्या टांग्यातनं मुतायचा, तुला झोपल्या जागी जमंना? दोन म्हाताऱ्या मरायला टेकल्यात तुझ्यापायी. एक बाहेर, एक आत. मूत, माझ्या राजा. मूत, माझ्या शिवा. न्हाय तर बघ!" सिस्टरला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. निंगव्वा शंभराव्यांदा फडक्याला हात लावायला गेली आणि तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा चाचपलं. नाकाला लावलं. आणि मग जी आरोळी उठली, ती खालच्या दरवाजावरच्या रखवालदारानं ऐकली असं म्हणतात.

"मुतलाऽऽ! आरं मुतला की! डॉक्टरा, लेका, मुतला माझा नातू!"

फडकं हातात धरून ती वॉर्डातनं पळत सुटली. गुडघे? कुठले गुडघे! खाटेखाटेवरच्या बायांना ती ते दाखवत होती. "बघ, बघ, हात लाव! वलं हाय का न्हाय?" आणि बायाही खुळ्या, खरंच हात लावून बघत होत्या, हसत होत्या. बजाबाईनं तर फडकं कपाळाला लावलं. डॉक्टर बिराजदार दुसरी पुडी हातात घेऊनच धावले. औषध नाकातल्या नळीतनं खाली गेलं.

निंगव्वा मात्र थांबली नाही. सरळ व्हरांड्यात. गुरम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, मान एका बाजूला कललेली. निंगव्वानं ते ओलं फडकं तिच्या मांडीवर टाकलं.

"विहीणबाई, डोळं उघडा! बघा! तुमच्या नातवानं पानी सोडलं! सोडा आता तुमीबी हट्ट!"

गुरम्मानं फडक्यावर हात फिरवला. एकदा, दोनदा. मग तिचा तो दुकान हलवणारा आवाज अगदी बारीक होऊन आला. "आपल्या सिद्ध्याचंच हाय," ती म्हणाली. "त्योबी असाच वाट बघायला लावायचा." आणि फडकं तोंडावर दाबून ढसाढसा रडली.

बजाबाईनं तांब्या आणला. निंगव्वानं तो तिच्या ओठाला लावला, तर गुरम्मानं हात धरला. ती निंगव्वाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"तुमी कवा प्यालाव?"

निंगव्वाला आठवेना. सकाळी? काल? नवस नव्हता, हट्ट नव्हता, फक्त घोट घ्यायचं सुचलंच नव्हतं. आता कुठं तिला कळलं की आपली जीभ टाळूला चिकटलीय, आणि मघापासून तोंडातनं शब्द बाहेर पडतायत ते तडकत पडतायत.

"बसा खाली," गुरम्मा म्हणाली. "आदी तुमी."

"न्हाय, आदी तुमी. पाव्हण्या हाव."

"ओंजळ धरा म्हणते ना!" गुरम्मानं आपल्या नेहमीच्या आवाजात दटावलं, आणि तांब्या हिसकावून तिच्या ओंजळीत धार धरली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी निंगव्वाला ओरडून पाणी पाजत होतं. ती प्याली. घटाघटा प्याली, नाकातोंडात गेलं, ठसका लागला, तरी प्याली. उरलेलं गुरम्मानं एका दमात संपवलं आणि बजाबाईला म्हणाली, "अजून आण गं, बघत काय बसलीस?"

दुसऱ्या पुडीनंतर घरघर ऐकू येईना. तिसरी देऊन डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं, सिस्टरला ऐकायला लावलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून ऐकवलं. नळी मिटली होती. धाप बसली. बाळ शांत झोपायला लागलं, आणि पाच-सहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू दूध वाढवायला हरकत नाही. आज फक्त एक चमचा जास्त."

सिस्टर तो चमचा आणायला गेली. निंगव्वा पेटीजवळ उभी राहून हात चोळत होती. इतक्या दिवसांनी नातवाला काही वाढतं मिळणार, तिला धीरच धरवेना. ती हळूच गौरम्माला म्हणाली, "एक काय गं, दीड दिला तर काय बिघडंल? खाल्लं न्हाय पोरानं इतकं दिवस."

मागनं तिच्या दंडावर एक घट्ट हात पडला. गुरम्मा. वैरागला परत जायचं नाव तिनं अजून काढलं नव्हतं, दुकान नवऱ्यावर सोडून स्टूल टाकून पेटीच्या दुसऱ्या बाजूला ठाण मांडून बसली होती.

"डॉक्टर किती म्हणाला?"

"एक."

"मग एकच," गुरम्मा म्हणाली. "थेंबभर जास्त घातलास, निंगव्वा, तर माझ्याशी गाठ हाय."